झुंबरबाईचा घण

"...आणि तुमचा चिंचोका कुठाय, मास्तर?"

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग वैजयंता जिन्यातच ओरडून आली होती. उरलेला तिनं हॉलच्या दारात, धापा टाकत पुरा केला.

दस्तगीर मास्तर सतरंजीवर मांडी घालून पेरू खात होते.

"कुठला चिंचोका?"

"माझ्या फोटोपुढचा. बाकीच्या दोन्ही परीक्षकांना विचारून आलेय, त्यांचे आहेत. तुमचा नाही."

मास्तरांनी पेरूची फोड मिठात बुडवली, तोंडात टाकली, आणि बिया चावून होईपर्यंत विचार केला.

"नाही ठेवला," ते म्हणाले.

...

आता हे चिंचोक्याचं प्रकरण आधी समजून घेतलेलं बरं.

मिरजेत वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दरवर्षी फोटोंचं एक प्रदर्शन भरतं. फोटो देणारे सगळे नवखे. दिवसा दुसरंच काहीतरी करणारे आणि संध्याकाळी मास्तरांच्या वर्गाला येऊन बसणारे. एसटीचा कंडक्टर, सरकारी दवाखान्यातली नर्स, पिठाच्या गिरणीचा मालक, बालवाडीच्या ताई. दिवसभर पोट भरायचं आणि संध्याकाळी डोळे, असा या मंडळींचा नेम. त्यांच्या फोटोंपुढं उभं राहिलं की वाटतं, हेच गाव आपण रोज बघतो ना? मग हे आपल्याला कधी दिसलं कसं नाही?

पण आलेला प्रत्येक फोटो भिंतीवर चढत नाही. आधी सगळे फोटो खाली, भिंतीला टेकवून ओळीनं मांडतात. नाव पाठीमागं. तीन परीक्षक मुठीत चिंचोके घेऊन फिरतात. बोलायचं नाही, खोकायचं नाही. फोटो आवडला की त्याच्यापुढं एक चिंचोका ठेवायचा. तिघांचे पडले, तर फोटो भिंतीवर. दोघांचेच पडले, तर पुढच्या वर्षी या.

पूर्वी मार्क देत असत. पण एका वर्षी अर्ध्या मार्कावरून परीक्षकांची अशी जुंपली की त्यांना सोडवायला खालून ग्रंथपाल धावत आले. तेव्हा मास्तर म्हणाले, चिंचोक्याला अर्धा नसतो. त्या दिवसापासून चिंचोके.

आणि रिकाम्या खिळ्याचा नियमही मास्तरांचाच. सगळे फोटो लागले की भिंतीवर एक खिळा उद्घाटनापर्यंत मोकळा ठेवायचा. कशासाठी, म्हणून कुणी विचारलंच, तर मास्तर म्हणायचे, "एकजण यायचाय."

बहुतेक वर्षी कुणी येत नसे. मग त्या खिळ्याला मास्तरांची टोपी लटकलेली असे.

दस्तगीर मास्तरांबद्दल मिरजेत जे सांगतात ते सगळं खरंच असेल असं नाही. थोडं कमी करूनही सांगत असतील. फाल्गुनात त्यांनी काढलेला कैरीचा फोटो वैशाखात भिंतीवरच पिकला, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. घराच्या मालकानं त्या फोटोखाली पाटी लावली, 'हात लावू नये'. त्यांच्या कोंबड्याच्या फोटोला भिऊन शेजारचा खरा कोंबडा आरवायचा बंद झाला आणि सबंध गल्ली आठवडाभर उशिरा उठली. शाळा उशिरा, दूध उशिरा, आणि एका मुलीच्या लग्नाचा मुहूर्तही टळला. पुढं त्या नवऱ्या मुलाचे गुण कळले, तेव्हा मुलीच्या बापानं कोंबड्याच्या फोटोला हार घातला.

अशा मास्तरांनी आपल्या सगळ्यात तयार शिष्येच्या फोटोपुढं चिंचोका ठेवला नव्हता.

...

वैजयंता कोळेकर दिवसभर एक्स-रे काढायची.

काचेआड उभी राहून तिचं म्हणणं ठरलेलं असे. श्वास घ्या... रोखा... सोडा. ह्या शब्दांत तिनं आजवर एकाही पेशंटला दगा दिला नव्हता. आणि तिच्या आवाजात जरब अशी, की मशीनपुढं रडतं पोरही पुतळ्यासारखं उभं राही. एकदा एका पैलवानाच्या छातीचा एक्स-रे तिनं इतका स्पष्ट काढला की डॉक्टरांनी फासळ्यांबरोबर त्याचा भित्रेपणाही वाचून दाखवला, असं त्या सेंटरचे लोक हसत हसत सांगायचे.

तोच हात ती संध्याकाळी कॅमेऱ्याला लावायची. तिचा फोटो कधी हलला नाही. कधी धूसर आला नाही. वर्गातले बाकीचे आपले फोटो दाखवण्याआधी बघून घ्यायचे, वैजयंताचा आधी दाखवून झाला नाही ना. तिच्यानंतर कुणाचाच फोटो नीट दिसत नसे.

हे तिलाही माहीत होतं. थोडं जास्तच माहीत होतं.

तरी दरवर्षी तिचा फोटो दोन चिंचोक्यांवर अडकायचा. भिंतीवर कंडक्टर लागायचा, गिरणीवाला लागायचा, आणि वैजयंता खाली. म्हणून या खेपेला तिनं स्वतःलाच बजावलं होतं. या वर्षी भिंतीवर नाही लागला, तर कॅमेरा विकायचा. हाडं आहेतच आपली जन्मभर.

आणि वैजयंता शब्दाची पक्की. इतकी पक्की की गिऱ्हाईकही सोबतच घेऊन आली होती.

"ताई, मी खालीच थांबू का वर येऊ?" जिन्यातून आवाज आला.

"वर ये, बंडू. फार वेळ लागायचा नाही."

बंडू अलकुंटे वर आला. हा लग्नांचे फोटो काढायचा. बगलेत हेल्मेट धरून तो दाराशी, चपलांच्या बाजूला बसला आणि मास्तरांना बघून त्यानं उगीचच जरा अंग चोरलं.

"हा कोण?" मास्तरांनी विचारलं.

"कॅमेरा घ्यायला आलाय."

"कुणाचा?"

"माझा."

मास्तरांनी बंडूकडं पाहिलं. पेरूची एक फोड त्याच्यापुढं केली. बंडूनं घेतली.

...

"मास्तर, एकच सांगा," वैजयंता समोर बसली. "फोटोत वाईट काय आहे?"

"काही नाही."

"मग चांगला आहे?"

"चांगला?" मास्तर उठले, भिंतीशी गेले आणि तिचा फोटो उचलून घेऊन आले. दोन्ही हातांत, ताटासारखा. "अगं, असा फोटो मला ह्या जन्मात निघाला नाही. खुदा की कसम. बंडू, बघ रे."

बंडू बसल्या बसल्याच पुढं सरकला. बघत राहिला. पेरू चावायचा राहिला.

फोटोत झुंबरबाई होती. गावाबाहेर ओढ्याकाठी घिसाड्यांचा तळ पडला होता, तिथली. पाय रोवलेले, पदर खोचलेला, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेला घण. पुढं ऐरण, ऐरणीवर लोखंड, मागं भट्टी. दंडाची शीर न् शीर दिसत होती. कपाळावरचा घामाचा थेंब भुवईशी येऊन थांबला होता, आणि त्या थेंबात, नीट पाहिलं तर, भट्टीसुद्धा दिसत होती.

"आयला," बंडू म्हणाला. मग मास्तरांकडं बघून, "म्हणजे... अरे वा."

"मग?" वैजयंताचा आवाज चढला. "मग तुमचा चिंचोका?"

मास्तरांनी डावी मूठ उघडली. चिंचोका मुठीतच होता. सकाळपासून धरून धरून चकचकीत झालेला.

"ठेवायला वाकलो होतो," ते म्हणाले. "परत वाकलो होतो."

"मग?"

"ठेववेना."

"का पण?"

...

खाली वाचनालयात कुणीतरी खुर्ची सरकवली.

"वैजू, हे लोखंड काळं का गं?"

वैजयंतानं कपाळावर हात मारून घेतला. "मास्तर, फोटोच काळा-पांढरा आहे."

"ते कळलं. भट्टीतला निखारा पांढरा आलाय. लोखंड काळं आहे."

ती फोटोवर वाकली. मग म्हणाली, "निवलं असेल तोवर. मला उजेड नीट बसवायला जरा वेळ लागला."

"आणि तोवर बाईनं घण वरच धरला?"

"धरला की!" वैजयंताचा राग आठवणीनं थोडा पातळ झाला. "काय ताकद हो त्या बाईची! मी म्हटलं, झुंबरबाई, असाच धरा, हलू नका, श्वास रोखा. तशीच उभी. हात थरथरलासुद्धा नाही. तिचा नवरा भात्याशी बसून काहीतरी पुटपुटत होता, त्याला तिनं डोळ्यांनीच गप्प केलं. मला म्हणाली नाही काही, पण असं उभं राहणं... मास्तर, असं माझ्या मशीनपुढं कुणी उभं राहिलेलं नाही."

"मग?"

"मग काढला."

"मग?"

"मग कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर बघितला. एकदम लख्ख. तो घामाचा थेंब मोठा करून बघितला. उभ्या उभ्या नाचायचंच बाकी होतं."

"मग?"

"मग काय, मास्तर? स्कूटर काढली, घरी आले."

मास्तरांनी फोटो भिंतीला टेकवून ठेवला. त्याच जागी. दोन चिंचोक्यांच्या मागं.

मग मास्तर खिडकीतल्या स्टुलावर जाऊन बसले.

"माझा एक फोटो काढ."

"आत्ता?"

"विकायच्या आधी. आठवण राहील."

"मास्तर, मी तुम्हाला काय विचारतेय आणि तुम्ही..."

"बंडू, तुला घाई आहे का रे?"

"नाही, नाही," बंडू म्हणाला. त्याला आता हलवलं असतं तरी तो गेला नसता.

...

रागावलेली असली तरी वैजयंताच ती. कॅमेरा डोळ्याला लागला आणि तिचा राग हातातून उतरून गेला. खिडकीतलं ऊन मास्तरांच्या अर्ध्या दाढीवर आलं होतं. सुरकुत्या अशा की नांगरलेलं रान. आपण याआधी यांचा फोटो का काढला नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"मान थोडी डावीकडं. हनुवटी खाली. अजून. हां."

मास्तर बसले, जसं सांगितलं तसं.

"हलू नका. श्वास रोखा."

मास्तरांनी श्वास रोखला.

क्लिक.

वैजयंतानं कॅमेरा उलटा करून मागच्या पडद्यावर पाहिलं, आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "आला!"

आला होता. असा आला होता की दाढीतला पांढरा केस वेगळा, करडा वेगळा. डोळ्यात खिडकी, खिडकीत पिंपळ, पिंपळावर कावळा. तिनं चित्र मोठं केलं. कावळ्याची चोचसुद्धा दिसत होती. अजून मोठं केलं.

"बंडू, हे बघ. हा उजेड बघ गालावरचा. हे तुझ्या त्या हॅलोजनमध्ये कधी येणार नाही."

बंडूनं पाहिलं. मग पडद्यावरून नजर काढून खिडकीकडं पाहिलं.

"ताई..."

"आणि हे डोळे बघ. थांब, अजून जवळून दाखवते."

"ताई, मास्तर लाल झालेत."

"उन्हामुळं असेल."

खिडकीतल्या पिंपळावर तो कावळा चोच उघडून तसाच राहिला होता. हॉलमधला पंखा फिरायचा थांबला. (लाइट गेली होती असं नंतर काही लोक म्हणाले. म्हणोत.) खालच्या रस्त्यावरच्या घोडागाडीचा घोडा एक पाय उचलून उभा राहिला आणि गाडीवान त्याला काही बोलेना. सबंध मिरज गावानं जणू छाती भरून घेतली होती आणि आता पुढं काय करायचं ते कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं.

"ताई, निळे पडायला लागलेत हो!"

वैजयंतानं मान वर केली.

मास्तर स्टुलावर होते तसेच होते. मान थोडी डावीकडं. हनुवटी खाली. गालांचे फुगे, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या, डोळे तिच्यावर रोखलेले. पापणी हलत नव्हती.

"मास्तर?"

...

"मास्तर!"

...

कॅमेरा गळ्यात तसाच सोडून ती धावली. वाटेत पाण्याचा तांब्या लवंडला. तिनं मास्तरांचे दोन्ही खांदे धरले आणि एक्स-रेच्या खोलीतल्या त्या जरबेच्या आवाजात, पण रडकुंडीला येऊन, ओरडली,

"सोडा! मास्तर, सोडा!"

मास्तरांनी श्वास सोडला.

तेव्हा काय झालं ते मिरजेत अजून सांगतात. भिंतीवरचे फोटो खिळ्यांवर झुलले. बंडूचं हेल्मेट गडगडत जिना उतरून गेलं. खाली वाचनालयातल्या वर्तमानपत्रांची पानं आपोआप उलटली आणि पेन्शनर मंडळी राशिभविष्यावरून एकदम शेअर बाजारावर गेली. कावळा ओरडला. घोड्यानं पाय टेकला.

मास्तर मात्र पोट धरून हसत होते. हसता हसता खोकत होते, खोकता खोकता डोळे पुसत होते.

"वेडे आहात का तुम्ही?" वैजयंतानं त्यांचे खांदे अजून सोडले नव्हते. "या वयात? काही झालं असतं म्हणजे? फोटो केव्हाच काढून झाला होता! एवढा वेळ धरून कशाला बसलात?"

"तू सोड म्हणाली नाहीस."

"अहो, म्हणून काय..."

ती थांबली.

...

लवंडलेल्या तांब्यातलं पाणी फरशीवरून वाहत हळूहळू भिंतीकडं निघालं होतं. तिथं ओळीनं, न लागलेले फोटो टेकलेले होते. वैजयंता पाण्याच्या मागोमाग बघत गेली, म्हणून असेल, किंवा आधीच तिकडं बघत होती, म्हणून असेल. तिनं खाली बसून पदरानं पाणी अडवलं आणि आपला फोटो उचलला.

पाय रोवलेले. पदर खोचलेला. घामाचा थेंब भुवईशी.

घण अजून वरच होता.

ती बघत राहिली. मघाशी बंडू राहिला होता तशी नाही. मशीनच्या काचेआडून आत बघावं तशी.

"किती वेळ..." ती पुटपुटली. वाक्य पुरं केलं नाही.

मास्तरांचा श्वास अजून जागेवर यायचा होता.

खिडकीतलं ऊन आता स्टुलावरून उतरून सतरंजीवर आलं होतं. गावाबाहेर, ओढ्याकाठी, या वेळेला भट्ट्या पुन्हा पेटतात. इथं एवढ्या लांब काही ऐकू येत नाही. पण वैजयंतानं मान वळवली ती त्याच बाजूला.

दाराशी बंडूनं घसा खाकरला. हेल्मेट आणायला जाऊन तो परत आला होता.

"ताई... मग, कॅमेऱ्याचं कसं करायचं?"

तिनं गळ्यातला पट्टा चाचपला. जणू कॅमेरा तिथं आहे हेच विसरली होती. मग तो पट्टा डोक्यावरून काढण्याऐवजी तिनं ओढून आणखी आखूड केला.

"बंडू, तुझी गाडी खाली आहे ना?"

"आहे की."

"ओढ्यापर्यंत सोडशील? माझ्या स्कूटरला वेळ लागतो चालू व्हायला."

बंडूनं एकदा मास्तरांकडं, एकदा कॅमेऱ्याकडं पाहिलं. तोंड वाकडं केलं, आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"चला. ही ऑर्डर गेलीच म्हणायची आपली."

जिन्याशी जाऊन वैजयंता वळली. काहीतरी विचारायचं होतं. उद्याचं, उद्घाटनाचं, चिंचोक्याचं. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, लख्ख, तिच्याच एखाद्या फोटोसारखं.

मास्तर उठले. भिंतीशी गेले. रिकाम्या खिळ्यावरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर घातली.

"उद्याचं उद्या," ते म्हणाले. "आधी झुंबरबाईला सांगून ये."